वाळीत

मेलिसचा तालिनहून फोन आला तेव्हा
मी बर्फाचे बूटही काढले नव्हते.
"तो तुकडा काढून टाक. आजच.
कंपनीनं हात वर केलेत. दोन भोकं सापडलीत,
आणि बुजवायला आता कुणी येणार नाही."

तो तुकडा म्हणजे काय, हे एकदा आईला सांगितलं होतं:
एडिटिंगचं सॉफ्टवेअर मोठं, झुळझुळीत,
दरवर्षी न चुकता पैसे मागणारं.
पण जुनी क्लिप समोर आली की त्याची दातखीळ बसते,
मग ते गुपचूप शेजारच्या म्हाताऱ्याकडे जातं
आणि विचारतं, हे काय लिहिलंय हो?
म्हातारा वाचून दाखवतो.
म्हातारा दाराला कडी लावत नाही,
एवढाच त्याचा गुन्हा.

काढला.
प्रकल्प उघडला तर दोनशे बारा क्लिपांच्या जागी
दोनशे बारा लाल चौकोन.
मीडिया सापडत नाही.
सापडत नाही कसा? इथंच तर आहे,
माझ्या हाताखाली ही डिस्क गरम होतेय.

सॉफ्टवेअरवाल्यांचं पत्र आलं, फार अदबीनं:
अडचणीची कल्पना आहे, काम चालू आहे,
तारीख सांगता येत नाही.
आमच्या संग्रहालयाला मात्र तारीख होती,
मेचा दुसरा शनिवार. निमंत्रणं छापून झालेली.

तेव्हा मी जुना काळा डबा माळ्यावरून उतरवला,
म्हाताऱ्याला त्यात परत नेऊन बसवलं
आणि अख्ख्या डब्यालाच वाळीत टाकलं.
निळी केबल उपटली. वाय-फायचं कार्ड
स्क्रू काढून कोटाच्या खिशात.
पाणी बंद, विस्तव बंद, कुणाच्या घरी जाणं-येणं बंद.
वर चिकटपट्टीवर लिहिलं: याला कशालाही जोडू नका.

झाडायला आलेली वाइके थबकली.
"यानं काय केलं?"
"काही नाही. वय झालं."
तिनं त्याच्याभोवतीची धूळ जरा हळूच पुसली.

मग रात्री. एकेक क्लिप त्याच्यापुढे धरायची,
त्यानं वाचायची, मी नव्या लिपीत उतरवून घ्यायची,
पेन ड्राइव्हवर घालून चार पावलं चालत
दुसऱ्या टेबलाकडे न्यायची.
चार पावलं. आमच्या बेटावरची सर्वांत मंद फेरी.
उतरवताना काळा रंग थोडा राखाडी व्हायचा;
तो डोळ्यांनीच परत काळा करायचा,
डोळे लाल होईपर्यंत.

एकसष्टाव्या क्लिपमध्ये लेईदा.
कोपरापर्यंत राईच्या पिठात, पुढ्यात लाकडी काथवट,
कडांना मागच्या पावाचं वाळलेलं पीठ.
कॅमेऱ्यामागून माझाच आवाज, तेरा वर्षांनी लहान,
शहाणा: "ही धूत नाही?"
"धुतली तर नवं पीठ फुगायचं कुणाकडून शिकेल?"
मग हसून: "आरोग्य खात्याचा माणूस आला होता.
म्हणाला, हे धोक्याचं आहे.
खरंच असेल. शिकलेला होता.
पाऊण पाव खाऊन गेला."

मी ती जागा तीनदा पाहिली. कामासाठी नव्हे.

काथवट आता संग्रहालयात आहे,
काचेच्या पेटीत, स्वच्छ धुतलेली.

एप्रिल संपता संपता मेलिसनं विचारलं,
"काढलास ना?"
"जवळजवळ."
तो गप्प राहिला. त्याचं बरोबर आहे,
आणि त्याचं बरोबर आहे हे मलाही कळतं.

पण सत्त्याऐंशी नंबरची क्लिप
नव्या लिपीत उतरतच नाही.
चित्र येत नाही. काळ्या चौकटीत
फक्त पीठ आपटल्याचा आवाज, थप, थप,
आणि कुणीतरी म्हणतं, दार लाव, वारा येतोय.

दार लावलेलंच आहे.
डबा कोपऱ्यात आहे.