रिजेक्ट माल

सोहारच्या वसाहतीत, चौथ्या शेडमध्ये
बाटल्या येतात. सरबताच्या, औषधाच्या, अत्तराच्या.
दळल्यावर सगळ्यांचं पीठ एकच,
तरी अत्तराची खेप आली
की चक्कीवाला शिंकतो दिवसभर.

खजुराच्या झावळ्या खलफान आणतो,
बागेची छाटणी झाली की, पिकअप भरून.
पूर्वी बांधावर जाळायचे.
आता जाळतो आम्ही, पण मोजूनमापून:
शंभर किलो काचेला दोन किलो कोळसा.
आठशे पन्नास अंशांवर काच मऊ पडते,
आतून फुगते,
आंबोळीला जाळी पडावी तशी,
फक्त इथलं प्रत्येक भोक बंद.

माझं काम परीक्षेचं.
खाली तापलेली पाटी, वर ठोकळा.
मशीन आकडा देतं,
पण खलफानला आकडा नको, माझा तळहात हवा.
"बारिद?"
"बारिद. गार आहे, बाबा."

कोपरा उडाला की रिजेक्ट.

आमच्या खोलीचा पत्रा जुलैत
रात्री दोनलाही दिवस सोडत नसे.
एका जुम्म्याला दाऊद मुकादमनं
सोळा गोणी रिजेक्ट माल वर चढवला,
सिमेंटात बसवला. विचारलं कुणालाच नाही.
रविवारी साहेब आले, मान वर करून बघत राहिले.
आम्ही गप्प.
म्हणाले, सांधे नीट भरा, ऊन शिरतंय.

आता झोप लागते.
पहाटे कधी अत्तराचा वास येतो,
असं दाऊद म्हणतो.
त्या भट्टीतून वास जिवंत निघत नाही.
मला ठाऊक आहे.
त्याला सांगितलेलं नाही.