टाऊन हॉलच्या मैदानावरचा समुद्र

जानेवारीत समुद्र लातूरला येतो,
थर्माकोलच्या खोक्यांतून, बर्फ घालून,
सोलापूरमार्गे, रात्रीच्या टेम्पोनं.
मैदानात मांडव पडतो,
कमानीवर होडीचं चित्र, होडीत कुणीच नाही,
आणि गेटवरचा पोरगा पावती फाडत सांगतो,
'मालक, चारच दिवस आहे बरं का.'

चारातले दोन दिवस आम्ही जातो.
आत शिरतानाच जयवंती घड्याळ काढून
माझ्या खिशात टाकते.

मी खात नाही. आमच्यात कुणीच खात नाही.
मी अंबोळी घेतो, काळ्या वाटाण्याचं सांबारं,
सोलकढी दोन ग्लास,
आणि समोर बसून
बांगडा कसा संपतो ते बघतो.

सव्वीस वर्षं बघतोय.
पहिल्या वर्षी मान वळवून बसलो होतो.
नंतर कधीतरी पाण्याची बाटली धरली.
कितव्या तरी वर्षी विचारलं, काटा सुरू कुठून होतो?
तिनं बोट ठेवलं: इथून.
आता ती चष्मा विसरली
की काटे मी काढून देतो.
ओळखीचं कुणी दिसलं की हात टेबलाखाली.
मागच्या साली भावकीतले चनबसप्पा दिसले.
मी हात लपवला,
त्यांनी ताट.
'शरणार्थ,' ते म्हणाले.
'शरणार्थ,' मी म्हणालो.

तव्यावरची बाई तिला विचारते, 'खंयची गो तू?'
जयवंती 'वेंगुर्ल्याची' म्हणते
त्या आवाजात, जो आमच्या घरात
कुठल्याच खोलीत मला सापडलेला नाही.
मग माझ्याकडे बघून
'आता लातूरची,'
हे मात्र रोजच्या आवाजात.

येळवस तिची.
म्हणजे माझी, पण आता तिचीच.
लग्नाच्या वर्षी अंबिलाचा वास घेऊन म्हणाली होती,
'अहो, हे नासलंय.'
आई वर्षभर तेवढंच सांगत फिरली, गल्लीत, मठात, बाजारात.
आता पुतण्याच्या बायकोला हीच दटावते,
'अजून एक रात्र आंबू दे, घाई काय आहे?'
पहाटे तीनला भज्जी रटरटते,
तूर, वाल, हरभऱ्याचे ओले सोले, चिंचेचा कोळ;
स्वयंपाकघराच्या काचा घामेजतात.

त्या दिवशी गोलाईत कुत्री
रस्त्याच्या मधोमध ऊन खात पडलेली असतात,
आख्खं गाव रानात.
औशाच्या अलीकडे आमच्या तुकड्यात कडब्याची कोप,
कोपीत चुन्यानं माखलेले पाच दगड,
'ओलगे ओलगे' म्हणत भाऊ अंबिल शिंपडत जातो
आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही
हाका: या, जेवून जा.
एकदा एसटी थांबली.
कंडक्टर दोन वाट्या अंबिल पिऊन गेला,
ड्रायव्हरसाठी उंडे रुमालात बांधून.

दुपार कलली, वारं सुटलं,
कमरेएवढी ज्वारी एका अंगाला झुकली, परत उठली.
मला वाटलं, आता ही समुद्राचं काहीतरी बोलणार.
मी तयारीतच होतो.
ती म्हणाली, 'भज्जीत मीठ कमी पडलंय.'

यंदा शेवटच्या रात्रीही गेलो.
शिल्लक सुरमई निम्म्या भावात होती.
मांडव सुटत होता, बांबू मोजले जात होते.
दोन पोरांनी खोकी उलटी केली,
बर्फाचं पाणी मैदानावर.
जयवंती थांबली. मीही थांबलो.
पाणी थोडं वाहिलं, भेगेत शिरलं,
दिसेनासं झालं.
या गावात पाणी असं ओतताना
आम्ही फार दिवसांनी पाहत होतो.

'चल,' ती म्हणाली, 'थंडी आहे.'

स्कूटरवर ती मागे, मध्ये कोकमाची पिशवी.
बार्शी रोडला सिग्नलवर
नाक खाजवलं तर अंगठ्याला वास.
लिंबू चोळून झालं होतं, साबणही.

तसा मी फार घासतही नाही.