काळी एकच्या जरा खाली

हर्णैच्या शाळेचा हॉल आणि आमचा बर्फाचा कारखाना,
मध्ये एक भिंत आहे, आणि एक शेवगा.
म्हणून पावसकर मास्तर चार दिवस आधीपासून खेपा घालत होते:
"शनिवारी तेवढे दोन तास बंद ठेव, भिकाजी."
मी म्हटलं, मास्तर, अन्वर तबीबच्या तीन बोटी
रविवारी पहाटे निघायच्या आहेत.
बर्फ थांबला तर म्हावरं थांबत नाही, कुजतं.

दुपारी बाई आल्या. निवेदिता हळदणकर, सरोद.
खाऱ्या हवेनं वाद्याचं कातडं सैल पडलेलं,
बोट टेकवलं तर ओल्या पापडासारखं दबायचं.
कुणीतरी पार्लरमधून केस वाळवायचं यंत्र आणलं
आणि अर्धा तास आम्ही आळीपाळीनं
त्या लाकडाला गरम वारा घालत बसलो,
न्हालेल्या पोरीचे केस सुकवावेत तसे.
कोपऱ्यात यतीन तबल्यावर हातोडी ठोकत होता,
चढत नाही, चढतच नाही, म्हणत.

मग बाईंनी मान वर केली.
"हा आवाज कसला?"
मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तो आवाज.
कॉम्प्रेसर, मी म्हटलं. अमोनियाचा. जुना आहे.
त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.

सव्वीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसतो.
पट्टा सैल झाला की मला कळतं,
बेअरिंग घासायला लागलं की झोपेत कळतं,
पण तो काय म्हणतो
हे कुणी विचारलं नव्हतं.

"काळी एक," बाई म्हणाल्या. "जरा खाली. चालू राहू दे."
आणि खुंट्या उतरवू लागल्या.
तंबोरा गवसणीतच राहिला.

पुढे खुर्च्यांवर डॉक्टर, बँकेचा मॅनेजर,
मागे सतरंजीवर जाळी विणणारे दोघे चोगले बंधू.
त्यांची बोटं मांडीवर सवयीनं गाठी मारत होती.
सुवर्णदुर्गामागे उजेड संपता संपता
बाईंनी मारवा लावला.

मारव्यात म्हणे सा असतो, पण त्यावर बसायचं नसतं.
हे मास्तरांनी नंतर सांगितलं.
तेव्हा मला एवढंच दिसत होतं:
कुणीतरी एका घराभोवती फिरतंय,
अंगणापर्यंत येतंय,
कडीला हात लावतंय,
आणि वळतंय पुन्हा वाळूकडे, अनवाणी.
तारेवरून नख घासत जाई
आणि माझ्या छातीत काहीतरी अर्धवट राही.
भिंतीपलीकडे माझं मशीन
दार उघडं टाकून बसलं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी ते थांबलं.

सुदेशनं बंद केलं. चांगल्या मनानं.
त्याला वाटलं, एवढं सुंदर चाललंय, आपली कटकट कशाला.

आवाज गेल्यावरच सगळ्यांना कळलं की तो होता.
मॅनेजरनं वर पंख्याकडे पाहिलं.
चोगल्यांची बोटं थांबली.
दूर जेटीवर कुणी बादली आपटली, ती स्वच्छ ऐकू आली.
बाईंचा हात तारेच्या वर तसाच,
आणि खालून जमीन काढून घेतलेली.
किती वेळ, सांगता येणार नाही.
ओहोटीला होडी रेतीवर बसते,
तेव्हा एकदाच कर्रर्र होतं, तेवढा असेल.

मग त्यांनी तो सा वाजवला.
एकदाच. जवा लावून, मोकळा.
आणि विझेपर्यंत त्याच्यावर दुसरं काही ठेवलं नाही.
टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही.
थोरल्या चोगल्यानं नुसतं "हां" म्हटलं,
जाळं भरून वर येताना म्हणतात तसं.

पहाटे बर्फ अकरा लाद्या कमी भरला.
अन्वर तबीब जेटीवर उभा राहून माझ्या सात पिढ्या मोजत होता.
नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना आहे.
मी बराच वेळ पेन धरून बसलो,
मग लिहिलं: पट्टा दुरुस्ती.

सुदेशनं खटका दाबला.
मशीन सुरू झालं,
आणि मला वाटलं, आज ते जरा वर लागलंय.
की रात्रीतून
माझेच कान उतरले होते, कोण जाणे.
विचारायला बाई नव्हत्या,
पहाटेच्या दापोली गाडीनं गेल्या होत्या.