दोन सूत

यादी लिहिली पप्पांच्या जुन्या डायरीत,
जिच्या प्रत्येक पानाखाली पतपेढीचा पत्ता.
पहिली खोडली. दुसरी खोडली.
तिसरीत प्रोसेसर लिहिला आणि पेन थांबलं.
याच्या पोटाला पिना नाहीत,
पिना बोर्डाच्या खाचेत, सतराशे,
आणि मला परवडणारा बोर्ड
आधीच्या पिढीचा. बाराशेचा.

भुसावळ, मे महिना, पंचेचाळीस.
पत्र्याच्या कूलरला ओल्या गवताचा वास
आणि मी वॅटची बेरीज करतेय :
कार्डाला दोनशे, प्रोसेसरला सव्वाशे,
पंखे, डिस्क, वर थोडे शिलकीत.
गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसतात.
तिथून वीज कुठे कुठे जाते.
आमच्या गल्लीतून दुपारी दोनला
ती नुसतीच जाते.
म्हणून यूपीएस. एक ओळ वाढली,
रॅमची एक कांडी कमी झाली.

रॅम फुकट देत होता मामेभाऊ लोकेश,
'पडल्यात दोन, घेऊन जा.'
पण त्या चार नंबरच्या, बोर्डाला पाच नंबर हवा,
मधली खाच नखभर सरकलेली.
फुकटच्या दोन कांड्यांसाठी
रात्रभर बोर्ड बदलत राहिले.
सकाळी होता तोच परत लिहिला.

आई म्हणाली, 'एवढं तर
स्थळ पाहताना कोणी विचारत नाही.'

पप्पा शेडवरून आले. डायरी लांब धरून
चष्म्याशिवाय वाचली, उभ्या उभ्या.
'गेज पाह्य पहिले,' म्हणाले.
'जामनेरची छोटी गाडी आठवते ना तुले?
इंजिन बरं, डबे बरे.
पण आपल्या रुळावर चढली असती का?'
मग जेवायला बसले.
भरतात तेल कमी आहे, एवढंच बोलले.

जळगावला गोलाणीत लखवाणी शेठ म्हणाले,
'मॅडम, भावाला पाठवा, त्याला समजावून सांगतो.'
मी डायरी उघडून काचेवर ठेवली.
त्यांनी वाचली. पान उलटून पुन्हा वाचली.
पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले
आणि बिलबुकात कार्बन घातला.

तीन वर्षांच्या शिकवण्या
परतीच्या पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसले.

फरशीवर चटई नको, नुसती फरशी.
लोखंडाला हात लावायचा, मग बोर्डाला.
प्रोसेसर पडला तो पडलाच नाही, टेकला,
सोन्याचा छोटा त्रिकोण कोपऱ्यात जिथे हवा तिथे.
पेस्ट वाटाण्याएवढी.
रॅम दाबली तेव्हा जो खटका आला
तो मला दातांत ऐकू आला.
सगळं बसलं.

कार्ड बसलं नाही.

लांबी मोजली होती मी, मिलिमीटरमध्ये,
पुढचे पंखे न धरता.
खूप नाही. दोन सूत.
फरशीवर थर्माकोलचे दाणे उडत होते
आणि मी डायरीतला तो आकडा पाहत होते,
खाली दोन रेघा मारलेला, बरोबर लिहिलेला.

पप्पांनी विचारलं, 'पंखा आतूनच पाह्यजे का?'
असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.
त्यांनी पंखे काढून चौकटीच्या बाहेरून लावले.
तिथे प्लास्टिकचे दोन कान आडवे येत होते,
ते कानशीने घासले, सावकाश,
अधूनमधून अंगठ्याने पाहत,
जसं काही ते माल घेऊन नागपूरला जाणार आहे.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.
कोणी काही बोललं नाही.
कुकरची एक शिट्टी झाली.
मग मला दिसलं, पडद्याची वायर
मी बोर्डात खोचली होती,
कार्ड बिचारं मागे रिकाम्या तोंडाने बसलेलं.

पहिल्यांदा उमटली ती निळी पाटी.
खेळ नाही, काही नाही, नुसते आकडे.
आतलं तापमान पन्नास. घरातलं एक्केचाळीस.
पप्पा बोट ठेवून खाली खाली वाचत गेले
आणि एका ओळीवर थांबले : आर.पी.एम.
'अकराशे,' ते म्हणाले. 'हलत नाही. चांगलं आहे.'
खेळ कोणता, ते विचारलं नाही.
कानस बनियनला पुसली, पेटीत ठेवली.