पैसे नंतर

तो निळा नको, येप्पे. निळा फोटोत छान दिसतो,
पण धुक्यात, डोंगरावर, माणूस निळ्यात विरघळतो
आणि मग आमची पोरं बोटी सोडून शोधायला निघतात.
हा घे, नारिंगी. हो, भोपळ्यासारखा दिसशील.
भोपळे सापडतात.

आधी शिवणी बघ. कापड सगळेच बरं विणतात,
पाणी सुईच्या भोकातून शिरतं.
बाही उलटी कर. ही पट्टी काखेपर्यंत सलग चिकटलीय ना?
जिथे सुटली, तिथून तुझा हिवाळा सुरू.
लेबलावरचे आकडे राहू देत, दहा हजार, वीस हजार,
ते प्रयोगशाळेतल्या पावसाचे. तो सरळ खाली पडतो, शहाण्यासारखा.
आमचा आडवा येतो. कड्यापाशी तर खालून वर,
हनुवटीला हात लावून विचारतो, कुठला रे तू?

ओडेन्सचा. बरं. तिकडे छत्र्या असतील.
इथे क्लाक्सविकात मीही एकदा तीन ठेवल्या होत्या.
तिन्ही पाहुण्यांनी नेल्या,
तिन्ही बंदरात तरंगत सापडल्या,
मेलेल्या खेकड्यांसारख्या, पाय वर करून.

टोपी ओढ डोक्यावर. आता मान वळव.
टोपी वळली? नाही. ती समोरच बघतेय
आणि तू अस्तर वाचतोयस.
मागची दोरी आवळ. हं.
आता रस्ता ओलांडलास तर पोचशील.

बूट एक नंबर मोठे. आत लोकरीचे मोजे, माझ्या बहिणीने विणलेले,
त्यांचे पैसे वेगळे, मी धर्मादाय उघडलेलं नाही.
घोट्याच्या वर हवेत, जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली,
नाहीतर गवतातलं पाणी जिभेवरून आत जातं, अफवेसारखं.
विजार बुटाच्या बाहेर. हे शाळेत शिकवत नाहीत.
तू मास्तर ना, तू शिकव.
आणि भिजतीलच. न भिजणारा बूट मी विकत नाही,
कुणीच विकत नाही.
किती वाजता भिजणार, तेवढंच मी विकते.
मग वर्तमानपत्र कोंब, चुलीपासून लांब ठेव.
घाईने वाळवलेलं तळापासून सुटतं.

तो? खुंटीवरचा? तो विकायचा नाही.
याल्ग्रीमचा आहे. नवरा माझा.
नाही रे, बुडाला नाही. सगळे असाच चेहरा करतात.
स्पेनला गेला, अल्मेरियात, सांधे धरायचे म्हणून,
दोन महिन्यांसाठी. सहा वर्षं झाली.
म्हणाला, तिथे हा कशाला न्यायचा.
बरोबरच होतं. सामान हलकं असावं, मीच सगळ्यांना सांगते.

दर सप्टेंबरात खाली काढते, मेण चोळते,
शिवणी बघते, परत टांगते.
दुकानात तो एकच, ज्यातून थेंब जात नाही.
बाहेरच जात नाही तो.

माझा? डाव्या खांद्यात गळतो.
अठरा वर्षं. खाली एक फडकं ठेवते, झालं.
नवा घातला की पाणी कुठून येणार ते कळत नाही,
दिवसभर अंग कान टवकारून बसतं.

चल, चढव सगळं. पैसे नंतर.
धक्क्यावर दहा मिनिटं उभा राहा, तोंड वाऱ्याकडे.
हा कोरा कागद खिशात ठेव.
कोरडा परत आणलास, तर बिल त्यावरच लिहीन.

गेला.
काचेतून दिसतोय भोपळा.
पाठ केली वाऱ्याकडे, सगळेच करतात.
आता वळला. मान वळली, टोपीही वळली.
दहाची पंधरा झाली.
कुठली तरी बोट लागतेय,
तिच्याकडे बघत उभा आहे,
जसं काही कुणी उतरायचंय.

मी दुसरा कागद काढून ठेवते.
खिशाची चेन लाव, हे सांगायचं राहिलंच.