सांधे

रात्री अकरानंतर
इसिद्रा वडिलांना गाडीत बसवते,
घरात त्यांचा डोळा लागत नाही म्हणून.
ह्यूस्टनला पुरा वळसा, अडतीस मैल,
एकही सिग्नल नाही.

रिफायनरीच्या ज्वाळा, गाद्यांचं दुकान,
बंद पडलेल्या स्टेडियमचा काळा घुमट,
पुन्हा ज्वाळा.

म्हाताऱ्या अन्सेल्मोला आता तिचं नाव सापडत नाही.
पण जहाजांच्या कालव्यावरचा पूल चढताना
चाकांखाली काँक्रीटचे सांधे वाजतात, धडक्‌ धडक्‌,
तसा तो डोळे न उघडताच पुटपुटतो:
"हा मी भरलेला. हाही माझाच.
हा त्या आळशी रुफिनोचा,
बघ, आपटली गाडी!"

ती हसते.
घराकडचा फाटा उजवीकडून निघून जातो.
जाऊ दे.
अर्धी टाकी आहे अजून.