एकविसावं पान

उद्यमनगरात, बंद पडलेल्या फाउंड्रीच्या मागं
जळक्या वाळूच्या ढिगावर रुई येते.
दुसरं काही येत नाही तिथं.
शुक्रवारी पाळी सुटली की मी पिशवी घेऊन जातो,
हाताला ऑइल, वर रुईचा चीक,
आणि डोळा चोळायचा नाही, एवढं लहानपणापासून पाठ.

पानं एकवीस. अखंड. किडकं नको.
आनंदी रात्री त्यांवर चंदनानं राम लिहिते,
सकाळी तालमीच्या मारुतीपाशी माळा मांडून बसते.

त्या शुक्रवारी विसाव्या पानानंतर हात थांबला.
एकविसाव्याच्या पोटाशी अळी.
काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रेघा,
व्हर्नियरवर असतात तशा नेमक्या,
पाठीवर शिंगांच्या तीन जोड्या.
आधी तिनं पानाची मधली शीर कुरतडली,
चीक गळून जाऊ दिला,
मग कडेनं खायला लागली.
तीस वर्षं लेथवर आहे मी.
कामाला हात घालण्याआधी कॉक बंद करणारे
आमच्या शेडात दोघंच होते.

घरी आनंदीनं पानं मोजली. पुन्हा मोजली.
"एक कुठं ठेवलंसा?"
"खाल्लेलं होतं."
अकराची माळ केली तिनं,
उरलेली नऊ पाण्यात.

पुढच्या बुधवारी जेसीबी आला.
वाळू, रुई, सगळं ट्रॉलीत.
जेवणाच्या सुट्टीत मी एक फांदी ओढून काढली,
तिच्यावर चौघी.
ग्रीसच्या डब्यात पाणी, पाण्यात फांदी,
दोन दिवसांत फांदीचा खराटा.
कढीपत्ता दिला. शेजारची तगर दिली.
मेथी निवडता निवडता आनंदीनंही
एक काडी टाकून पाहिली.
अळी पानावरून चालत गेली
जसं तिथं पान नव्हतंच.

शनिवारी आनंदी उशिरा आली.
पदरात देवाच्या गळ्यातली उतरलेली माळ,
मलूल, शेंदराची बोटं लागलेली.
"इचारून आनलीया," म्हणाली.
कुणाला विचारून, ते नाही सांगितलं.

रात्रभर डब्यातून बारीक आवाज,
कुणीतरी पोस्टकार्ड फाडत असल्यासारखा.
सकाळी एका पानावर नुसता म उरलेला,
तोही अर्धा.
मी आनंदीकडे बघितलं.
"चंदन आदी धुवाय पायजे हुतं," ती म्हणाली.

एक काळी पडून मेली.
तिघींनी खिडकीच्या गजाला कोश टांगले,
फिकट हिरवे, वर सोन्याचे टिपके.
गुजरीत काचेमागचा साज बघते
तशी आनंदी वाकून बघत राहिली.
भाव विचारला नाही.

आता दाराशी रंगाच्या डब्यात रुईचं खोड लावलंय.
शेजारच्या गोदाक्का म्हणतात,
दारात रुई? घराला बरं नव्हं.
आनंदी पाणी घालता घालता म्हणते,
"असू दे वो.
गिऱ्हाईक ठरल्यालं हाय."